नदीकाठ आणि कालव्याच्या वाटांवर रोड बाईक: टायर, हवा, वारा, काठ (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पैलतीर

लहानसं गाव, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कालवा. नदीकाठची वाट दीड मीटर रुंद: काही भाग डांबरी, काही दाबून बसवलेल्या बारीक कचेचा (दगडाच्या चुऱ्याचा), मधे तीन लाकडी साकव. कालव्याचा सेवारस्ता तीनेक मीटरचा, मुरूम आणि खडी, मधूनच नुसती माती. दोन्ही जोडून साधारण ४० किमीचा फेरा होतो आणि वाहनांची वर्दळ जवळपास नाहीच.

सायकल रोड बाईक आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्याला, म्हणजे रिमला, दाबणारे), ७००×२५ टायर, आत ट्यूब. स्वार ७५ किलो, सायकल सामानासकट १० किलो. विचारायचं असं की हीच सायकल चालेल, की ग्रॅव्हल बाईक (खडीसाठीची, रुंद टायरची सायकल) घेण्यावाचून गत्यंतर नाही? टायर आणि हवेचे आकडे काय ठेवावेत? आणि अशा वाटांवर नेमकं काय बिघडतं, कशामुळे?

फ्रीव्हील

सायकल राहू द्या, टायर बदला.

२५ मिमी टायर कचेवर चालतो, खडीवर चालत नाही. रिम वाचवायची तर हवा जास्त भरावी लागते, आणि मग टायर खड्यावर दबण्याऐवजी उडतो. पकड जाते, हात बधिर होतात आणि वर वेगही मिळत नाही.

आधी फ्रेममध्ये जागा किती आहे ते बघा. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाख्याच्या) माथ्याखाली, दोन्ही ब्रेकच्या कमानींखाली, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडल जिथे फ्रेममध्ये फिरतात त्या सांध्याच्या) मागे जिथे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) जवळ येतात तिथे, आणि सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मागे. मोजायला व्हर्निअर लागत नाही, अ‍ॅलन की पुरतात. ४ मिमीची की फटीतून सहज सरकली की तिथे ४ मिमी जागा आहे.

आता नेहमीचा घोटाळा. टायर ५ मिमीने रुंद घेतला की प्रत्येक बाजूला अडीच मिमीच वाढतो, पण उंचीत जवळपास पूर्ण ५ मिमी वाढतो, कारण तो रिमवर बसून वरच्या दिशेनेच फुगतो. म्हणून बाजूला भरपूर जागा दिसते आणि टायर घासतो तो ब्रेकखाली. नवा टायर बसल्यावर सगळीकडे किमान ४ मिमी मोकळी राहिली पाहिजे, ओल्या मातीत जाणार असाल तर ६. ब्रेक ३९ ते ४९ मिमी रीचचे (ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर) असतील तर बहुतेक फ्रेममध्ये २८ वर काम थांबतं. ४७ ते ५७ वाले असतील तर ३२ ला वाव आहे.

टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. आतून १५ मिमी रुंद असलेल्या रिमवर २८ चा टायर २८ च्या आसपास भरतो, २१ मिमीच्या रिमवर तोच ३० कडे जातो.

आरा

वरच्याला अनुमोदन. हवेचे आकडे देतो. एकूण ८५ किलो, आत ट्यूब, असं धरून.

२८ मिमी: डांबरावर मागे ७५, पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). कच आणि मुरमावर मागे ६५, पुढे ६०.
३२ मिमी: डांबरावर ६० आणि ५५. कच-मुरमावर ५० आणि ४५.
३५ मिमी: कच-मुरमावर ४२ आणि ३८.

ही सुरुवात समजा. एकूण वजनात ५ किलोचा फरक असेल तर दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे. तुमच्या फेऱ्यात दोन्ही प्रकारचा रस्ता आहे, तेव्हा खराब भागाचा आकडा धरूनच निघा. डांबरावर थोडी कमी हवा चालून जाते, खडीवर जास्त हवा चालत नाही.

पुढे कमी का? बसलेल्या स्वाराचं जास्त वजन मागच्या चाकावर असतं, आणि मऊ जमिनीत वळताना पकड लागते ती पुढच्या चाकाला.

हवा कमी पडते आहे हे ओळखायचं ट्यूबवरून. शेजारी-शेजारी दोन समांतर चिरा असतील तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेपली गेली, म्हणजे हवा कमी होती किंवा कडेवरून चाक आपटलं. एकच बारीक भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच. आतल्या अंगाला, स्पोकच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. त्या तिसऱ्या प्रकारात कितीही ट्यूब बदला, पट्टी नीट बसवेपर्यंत पंक्चर होतच राहणार.

आणि पंप गेजवाला घ्या. अंगठ्याने दाबून ४५ आणि ६० मधला फरक कळतो असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना गेज लावून दाखवा.

घर्षण

कालवा सपाट असतो म्हणून सोपा, असं गृहीत धरलं जातं. थोडा हिशेब करू, आकडे अर्थात ढोबळ.

कालव्याच्या तळाचा उतार ५००० ला १ धरला तर किलोमीटरला २० सेंटिमीटर. ८५ किलोला ताशी २५ च्या वेगाने तो चढायला एक वॅटच्या आसपास जास्त लागतो. म्हणजे प्रवाहाच्या दिशेने की उलट, हा विचारच सोडून द्या.

डांबरावर ताशी २५ ला सुमारे १०० वॅट लागतात: टायरच्या घर्षणाला ३०, हवेला ७०. कच-मुरमावर टायरचं घर्षण दुपटीच्या घरात जातं, म्हणून त्याच वेगाला १३० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच १०० वॅटमध्ये वेग २२ वर येतो.

आणि समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर? डांबरावरसुद्धा २५ ला १६५ च्या पुढे वॅट लागतात. १०० वॅटमध्ये वेग साडेएकोणीस. साधी झुळूक मुरमापेक्षा महाग पडते. त्यातून कालव्याचा भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर, आडोसा काही नाही. नदीकाठी निदान झाडं असतात.

निष्कर्ष: फेरा कुठल्या दिशेने घालायचा हे वाऱ्यावरून ठरवा. उघडा कालवा पहिल्या निम्म्यात वाऱ्याविरुद्ध, परतताना झाडीतली नदीकाठची वाट. टायर कुठला घ्यावा यावर जितका खल होतो त्याच्या निम्माही यावर होत नाही.

तिरपागडा

घर्षण, हिशेब मान्य. पण सपाट वाटेचा खरा त्रास वॅटचा नाही, बैठकीचा आहे. चढ-उताराच्या रस्त्यावर उतारावर पाय थांबतात, चढावर माणूस उभा राहतो. कालव्यावर दोन तास एकाच बैठकीत, एकाच गतीने पाय फिरत राहतात. उतार नाही म्हणजे फुकटचं सरकणंही नाही. परिणाम: बैठकीचं हाड दुखणं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, मानेला रग.

उपाय साधे आहेत. दर १०-१५ मिनिटांनी एक गिअर जड करून २०-२५ वेळा उभं राहून पायडल मारायचं. हात हूडवर (ब्रेकच्या लिव्हरच्या रबरी मुठीवर), मग ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), मग वरच्या सरळ दांडीवर, असे बदलत राहायचे. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहाताची बाहेरची कड दबते आहे. मनगट बाहेर मुडपलं जात असेल तर हूड किंचित आत वळवून बघा. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो, आधी ते सपाट करा.

गिअरचंही तसंच. सपाटीवर कॅसेटची (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाची) दोन-तीन चक्रंच झिजतात. नवी चेन टाकल्यावर ठरावीक गिअरमध्येच ती उसळत असेल तर चेनमध्ये दोष शोधू नका, ती चक्रं संपली आहेत.

पाटकरी

कालव्याच्या सेवारस्त्याबद्दल काही गोष्टी सायकलवाल्यांना सहसा माहीत नसतात.

हा रस्ता कालव्याच्या देखभालीसाठी असतो, सार्वजनिक वहिवाटीसाठी असेलच असं नाही. काही ठिकाणी सायकलला परवानगी असते, काही ठिकाणी फाटकाला कुलूप. ज्यांच्या ताब्यात कालवा आहे त्यांना विचारून घ्या. फाटकावरून सायकल टाकून जाणं चुकीचं तर आहेच, शिवाय पलीकडे यंत्र लावून गाळ काढणं चालू असू शकतं.

आता काठ. कालवा दोन प्रकारे जातो: कुठे जमीन खोदून, कुठे भराव घालून. खोदाईतला रस्ता पक्का असतो. भरावावरच्या रस्त्याची कड मात्र कधीच भरवशाची धरू नका. उंदीर, घुशी, खेकडे आतून पोखरतात आणि वरून गवत तसंच दिसतं. पाण्याच्या कडेपासून किमान एक मीटर आत चालवा. रस्त्यावर काठाला समांतर लांब भेग दिसली तर तो भाग सरकायला लागला आहे. तिथे भेगेच्या काठापासून दूरच्या अंगाला राहा, जागा नसेल तर उतरून चाला. काठाला आडव्या भेगा बहुतेक वेळा माती सुकल्याच्या असतात, त्यांचा धोका चाक अडकण्यापुरता.

दुसरं, आवर्तन. पाणी सुटलेलं असताना भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला पाझर येतो आणि जिथे रस्ता खाली उतरून मोरीवरून किंवा चारी ओलांडून जातो तिथे चिखल होतो, पाऊस नसतानाही. आकाश कोरडं म्हणून वाट कोरडी असं समजून २८ च्या गुळगुळीत टायरवर उतरलात तर पुढचं चाक तिथेच निसटतं. आवर्तनाचं वेळापत्रक कळलं तर ते हवामानाच्या अंदाजाइतकंच उपयोगी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. अस्तर केलेल्या कालव्यात पडलं तर बाहेर येणं अवघड असतं, पाणी छातीपर्यंत असलं तरी. काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा, धरायला काही नाही. प्रवाहाविरुद्ध धडपडू नये, प्रवाहाबरोबर जात कडेला सरकावं आणि पायऱ्या, शिडी किंवा साखळी येईल ती धरावी. सायफनच्या (कालवा जिथे नळातून ओढ्याखालून किंवा रस्त्याखालून जातो त्या जागेच्या) तोंडाकडे मात्र जाऊच नये, पाणी तिथे खाली ओढतं. कुठल्या अंतरावर पायऱ्या आहेत आणि सायफन कुठे आहे हे पहिल्याच फेरीत बघून ठेवा. कुणी पडलेलं दिसलं तर मागे उडी घेऊ नका. दोर, ओढणी, लांब काठी, जे असेल ते टाका.

पैलतीर

@पाटकरी, हे सगळं नवीन होतं, आभार. पायऱ्या कुठे आहेत ते बघून ठेवतो. सेवारस्त्यावर दोन चाकोऱ्या आहेत, एक पाण्याकडची, एक बाहेरची. पाण्याकडची जास्त गुळगुळीत आहे.

@फ्रीव्हील, ब्रेक ४७-५७ चे निघाले. आताच्या २५ च्या टायरवर ब्रेकखाली ९ मिमी जागा आहे, चेनस्टेमधे प्रत्येक बाजूला ७.

पाटकरी

बाहेरचीच धरा. पाण्याकडची गुळगुळीत आहे कारण तिच्यावर वजन कमी जातं, जड गाडीवालेही तिकडे जायला टाळतात.

फ्रीव्हील

९ मधून ७ गेले की २ उरतात, म्हणजे ३२ नाही. ३० चा टायर घ्या, ब्रेकखाली ४ राहतील. चेनस्टेमधे अडीच गेले तर साडेचार, तेही ठीक. हवा मागे ५७, पुढे ५२ पासून सुरू करा. नक्षी अगदी गुळगुळीत नको, बाजूला बारीक खाचा असलेली बरी, मधे सलग पट्टी.

मडगार्ड मात्र या जागेत बसणार नाहीत. सीटखाली अडकवायचा प्लास्टिकचा तुकडा लावा, पाठ तरी वाचेल.

उजवा_काठ

ट्यूबलेसबद्दल (आत ट्यूब नसलेल्या टायरबद्दल) कुणीच बोललं नाही? काटेरी झुडपं असलेल्या काठावर त्याला पर्याय नाही. छाटणी झाली की आठवडाभर वाटेवर काटेच काटे असतात.

आरा

मुद्दाम नाही बोललो. रिम ट्यूबलेस असेल तरच. साध्या रिमवर टेप लावून जुगाड करू नका. टायरची कड धरायला रिमच्या आत जो उंचवटा लागतो तो साध्या रिमवर नसतो, आणि वळणावर हवा कमी झाली की टायर निघून येतो. हुकलेस रिम (कडेला आत वळलेला आकडा नसलेली) असेल तर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या जरा वर, आणि त्यावर हुकलेसला चालणारा म्हणून दिलेलाच टायर.

ट्यूबलेस असेल तर ३० मिमीला ३५-४० मिली सीलंट (भोकं बुजवणारा द्रव). उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्हचा गाभा काढून आत बारीक काडी घालून बघायची, ओली आली नाही की भरायचं. सीलंट सुकलेला ट्यूबलेस म्हणजे नुसताच बसवायला त्रासाचा टायर.

ट्यूबमध्येही सीलंट घालता येतं, व्हॉल्व्हचा गाभा निघणारा असेल तर. २५-३० मिली. काट्याची भोकं बुजतात, चिरा बुजत नाहीत.

तिरपागडा

माझ्या मते तुमच्या फेऱ्याला ट्यूब आणि आत संरक्षक पट्टा असलेला टायर पुरेसा आहे. थोडा जड चालतो, पण पंक्चर काढण्यापेक्षा बरा.

पंक्चर काढताना लोक एकच गोष्ट गाळतात आणि दहा मिनिटांत पुन्हा बसतात, म्हणून क्रम लिहितो.

टायर चढवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून ठेवायचं. पंक्चर झाल्यावर ट्यूब बाहेर काढून हवा भरली की भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते कळतं, आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा सापडतो. ट्यूब उलटी झाली असेल तर दुसऱ्या बाजूलाही बघायचं. मग टायरच्या आतून फडकं फिरवायचं, उघडं बोट नाही. फडकं अडकलं की तिथे टोक आहे. काट्याचं टोक आत मोडलेलं असतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, तेच पुढची ट्यूब खातं. एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरा मारा.

नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात आकार येण्यापुरती हवा भरायची, नाहीतर पीळ पडतो. टायर शेवटी व्हॉल्व्हपाशी बसवायचा, म्हणजे बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरून ढील मिळते आणि लिव्हरशिवाय (टायर चढवायच्या पट्टीशिवाय) काम होतं. व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा, खाली ट्यूब अडकली नाही ना बघा, मग हवा.

टायरची बाजूच फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा कापलेला तुकडा, ५ सेमीचा. तो पिशवीत कायम ठेवावा. वजन काही नाही.

उजवा_काठ

सीओटूच्या (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांड्यांचं काय? १६ ग्रॅमचं एक ३० च्या टायरला पुरतं.

आरा

पुरतं, पण बरोबर पंप हवाच. नळकांडं एकदाच चालतं, आणि घाईत डोकं नीट बसलं नाही तर सगळं हवेत. शिवाय कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा खूप लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ. घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा. सीलंट असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून भरा, थंडगार वायू थेट सीलंटवर गेला तर ते गोठून गुठळ्या होतात.

घर्षण

साकवांबद्दल. ओली लाकडी फळी ही या सगळ्या फेऱ्यातली सगळ्यात निसरडी जागा. नदीकाठी सकाळी दव असतं, त्यामुळे पाऊस नसला तरी फळ्या ओल्या. साकवाच्या आधीच वेग कमी करा, वर चढल्यावर ब्रेक नाही, हँडल सरळ, पायडलवर हलका दाब. फळ्या आडव्या असतील तर ठीक. वाटेच्या दिशेने उभ्या असतील तर फटीची रुंदी बघा, ३० चा टायर ३५ च्या फटीत बसतो आणि मग सायकल थांबते, माणूस पुढे जातो. साकव वळणावर असेल तर उतरा, सरळ.

लोखंडी पट्ट्या, गुरं अडवायच्या जाळ्या, सांधे, सगळ्यांना काटकोनात.

फ्रीव्हील

साकवाच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी एक पायरी तयार होते. माती दबते, लाकूड दबत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची धारदार कड, तिथेच ट्यूब चेपते. कोपर-गुडघे सैल, पायडल आडवी, सीटवरून किंचित उठा, पुढचं चाक हलकं करा.

पैलतीर

पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी जावं? कच लवकर सुकते असं दिसतं.

पाटकरी

कच आणि मुरूम एका दिवसात. दाबलेल्या कचेत पाणी झिरपून जातं, आणि बारीक भुकटीमुळे खडे एकमेकांना धरून राहतात. पण नुकतीच नवी कच पसरली असेल तर ती बसेपर्यंत सैल असते, कोरडी असतानाही वळणावर सांभाळून.

चिकणमातीचा पट्टा असेल तर दोन-तीन दिवस थांबा, ऊन किती त्यावर. ही माती ब्रेकच्या कमानीत आणि चेनस्टेमधे साचते, तुमच्याकडे जागा ४ मिमीचीच. शंभर मीटरमध्ये चाक फिरायचं बंद होतं. जबरदस्तीने ढकललंत तर मातीतले खडे फ्रेमचा रंग खरवडतात आणि मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ओढला जाऊन हँगर (तो जिथे फ्रेमला लटकतो तो तुकडा) वाकतो. चिखल लागला की उचला, खांद्यावर घ्या.

नदीला पूर येऊन गेला असेल तर वाटेवर बारीक गाळाचा थर राहतो. वरून सुकलेला, फिकट, आतून लोणी. तो रंगावरून ओळखू येत नाही, आधी पायाने बघा. वाटेवरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही, घोट्याएवढं असलं तरी. खालची कड उरली आहे का ते दिसत नाही.

आरा

ओल्या कचेची पेस्ट चेन आणि रिम दोन्ही खाते. घरी आल्यावर ब्रेकपॅड काढून बघा, रबरात चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण अडकलेले दिसतील. सुईने उकरून काढा आणि पॅडचा पृष्ठभाग सँडपेपरवर घासा. नाहीतर तेच कण रिम तासत राहतात. रिमच्या बाजूला झीज दाखवणारी खाच असेल तर ती नाहीशी झाली की रिम बदलायची. खाच नसेल तर पट्टी धरून बघा, बाजू आत खोलगट झाली असेल तर वेळ आली.

चेनला कोरड्या दिवसांत मेणाचं किंवा कोरडं ल्युब. जाड ओलं तेल धूळ धरतं. प्रत्येक रोळावर एक थेंब, रात्रभर ठेवायचं, सकाळी बाहेरून पूर्ण पुसायचं. चेन बाहेरून चकचकीत तेलकट दिसते म्हणजे ल्युब चुकीच्या जागी आहे.

झीज मोजायला पट्टी चालते. नव्या चेनमध्ये १२ पूर्ण जोड्या म्हणजे ३०४.८ मिमी. दीड मिमी वाढली की अर्धा टक्का, ११ किंवा १२ स्पीडला (मागे तेवढी चक्रं असतील तर) तिथेच बदला. ८ ते १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिमी. मोजताना चेन ताणलेली हवी.

उजवा_काठ

माणसांबद्दलही लिहा कुणीतरी. दीड मीटरच्या वाटेवर पायी चालणाऱ्याचा हक्क आधी. घंटी २०-३० मीटरवरून, एकदाच, मग वेग चालण्याच्या जवळ. अगदी जवळ येऊन वाजवली तर माणूस दचकून कुठल्याही बाजूला उडी मारतो, कधी पाण्याकडेही. मासे धरणाऱ्यांचे गळ वाटेत आडवे असतात, त्यांचा पातळ दोरा दिसत नाही. गळ उचलेपर्यंत थांबा. कुत्रा एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असेल तर मधे पट्टा आहे असंच धरा.

अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या वाटेवर, साधारण २९७ किमीच्या, सायकलला घंटी नियमानेच लागते आणि जलसेतूंवर (कालवा नदीवरून नेणाऱ्या पुलांवर) सायकल हातात धरून चालावं लागतं. ती वाट खेचरांनी बोटी ओढायला बांधलेली. एकूण ७४ लॉक (बोटी वर-खाली नेण्यासाठीचे दरवाजे असलेले हौद), चढ मिळून १८५ मीटरच्या आत. तो चढही सलग नाही, प्रत्येक लॉकपाशी दोन-अडीच मीटरचा आखूड उंचवटा. नौकानयनाच्या कुठल्याही कालव्यावर हेच: दहा किलोमीटर सपाट आणि अचानक लॉकचा चढ, बहुतेक वेळा वळणासकट. गिअर आधीच हलका करून ठेवा.

तिरपागडा

आणि झाडांची मुळं. फ्रान्समधला कनाल दु मिदी बघा, १६८१ साली खुला झालेला, २४० किमी. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि सुरेख, पुढे मातीची वाट आणि झाडांच्या मुळांचे उंचवटे. सावली हवी तर मुळं घ्यावी लागतात. मूळ वाटेला तिरकं गेलेलं असेल आणि ओलं असेल तर ब्रेक न लावता, चाक शक्य तितकं काटकोनात आणून.

पैलतीर

संध्याकाळी उशिरा जायचं तर दिवा किती लागेल?

घर्षण

लुमेनचा (उजेडाच्या एककाचा) आकडा मोठा असण्यापेक्षा वरून कापलेला झोत असलेला घ्या. अरुंद वाटेवर गोल झोत समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो आणि तो बिचारा पाण्याच्या कडेला असतो. ३०० ते ४०० लुमेन, ताशी २० पर्यंत, पुरे. दिवा शक्य तितका खाली लावला तर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि ते दिसतात. डोक्यावरच्या दिव्यात तेच खड्डे सपाट दिसतात.

पाण्याजवळ संध्याकाळी चिलटांचे थवे असतात, पारदर्शक काचेचा चष्मा घाला. धुकं असेल तर झोत आणखी खाली.

पैलतीर

एक शेवटचं. कचेच्या वाटेवरून आल्यावर बसून पायडल मारताना टक-टक आवाज येतो, उभं राहिलं की बंद. बॉटम ब्रॅकेट उघडावं का?

फ्रीव्हील

उभं राहिल्यावर बंद होतो ना, मग बॉटम ब्रॅकेट नाही. सीटपोस्ट (सीटची दांडी) बघा. कचेची भुकटी क्लॅम्पमधून आत जाते. उंचीची खूण टेपने करा, पोस्ट बाहेर काढा, पोस्ट आणि फ्रेमच्या सीट ट्यूबचा आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा. धातूची पोस्ट असेल तर पातळ ग्रीस, कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. क्लॅम्पवर छापलेल्या टॉर्कलाच घट्ट करा, साधारण ५ न्यूटन मीटर असतो. तरी आवाज राहिला तर सीटच्या खालच्या दांड्यांचा क्लॅम्प सोडून पुसा.

पैलतीर

दांड्यांचा क्लॅम्प होता. आत चमचाभर कच निघाली.